‘बरोबर’ मीटर : एका घरगुती शंकेचा इतिहास

१

मराठी बाजारभाषेत मापाविषयीचा संशय फार जुना आहे. ‘मापात पाप’ हे दोन शब्द वाण्याच्या दुकानापासून रेशनच्या रांगेपर्यंत सर्वत्र ऐकू येत आले आहेत. पण या संशयावर पूर्वी एक साधा उतारा होता. शेराने मोजून आणलेली ज्वारी घरी आल्यावर पुन्हा मोजता येई. शेजारणीचा शेर मागून आणून दोन मापे एकमेकांशी ताडून पाहता येत. माल शिल्लक असे, म्हणून पुरावाही शिल्लक असे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त वजनामापांवर देखरेख ठेवणारा पौतवाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे आणि दर चार महिन्यांनी मापे तपासून त्यांवर शिक्का मारावा असा दंडकही आहे. म्हणजे तपासणीचे काम राज्यसंस्थेने फार पूर्वीच आपल्याकडे घेतले होते; परंतु त्यामुळे गिऱ्हाइकाचा डोळा आणि हात व्यवहारातून बाद झाले नव्हते.

विजेने ही स्थिती मुळातूनच बदलली. वीज ज्या क्षणी मोजली जाते त्याच क्षणी ती वापरलीही जाते. कालचे युनिट आज पुन्हा तराजूत घालता येत नाही. मालाची जागा आकड्याने घेतली आणि तो आकडा दाखवणारे यंत्र विकणाऱ्याच्या मालकीचे राहिले. त्यामुळे ‘आपला मीटर बरोबर आहे ना?’ ही दर महिन्याला बिल हाती आल्यावर घराघरांत उमटणारी शंका वरकरणी तांत्रिक वाटली, तरी मुळात ती पुराव्याविषयीची शंका आहे. जे दिसत नाही त्याचे माप बरोबर आहे, हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचे? ज्याला पैसे भरायचे आहेत त्याचा या ठरवण्यात वाटा किती? सुमारे एकशे चाळीस वर्षांत या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे मिळाली. त्या उत्तरांचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

आरंभ न्यूयॉर्कपासून करावा लागतो. ४ सप्टेंबर १८८२ रोजी तेथील पर्ल स्ट्रीटवरच्या वीजकेंद्रातून थॉमस एडिसनने आसपासच्या कचेऱ्यांना वीज पुरवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी जेमतेम ४०० दिवे लागले. दिवा, जनित्र, जमिनीखालच्या तारा हे सारे एडिसनने उभे केले होते. पण गिऱ्हाइकाने किती वीज घेतली हे मोजल्याशिवाय हा उद्योग उद्योग ठरणार नव्हता. त्याने यासाठी केलेला मीटर आजच्या वाचकाला विचित्र वाटेल. त्याला काटा नव्हता, आकडे नव्हते, फिरणारा कोणताही भाग नव्हता. जस्ताच्या क्षाराचे पाणी भरलेली काचेची बरणी आणि तीत बुडवलेले जस्ताचे पत्रे, एवढाच त्याचा संसार. घरात येणाऱ्या प्रवाहाचा एक लहानसा, ठरावीक हिस्सा या बरणीतून नेला जाई. प्रवाहामुळे एका पत्र्यावरचे जस्त झिजून दुसऱ्यावर साठे. मायकेल फॅरडेने १८३० च्या दशकात मांडलेल्या नियमानुसार हे साठणे प्रवाहाच्या प्रमाणातच होते. एक अँपियर प्रवाह तासभर वाहिला की सुमारे १.२२ ग्रॅम जस्त जागा बदलते. महिनाअखेर कंपनीचा माणूस येऊन पत्रे काढून नेई. केंद्रावर ते धुऊन, वाळवून, नाजूक तराजूत तोलले जात आणि वजनातल्या फरकावरून बिल तयार होई. हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून मीटरच्या पेटीत एक छोटा दिवाही ठेवावा लागे.

विज्ञानाच्या दृष्टीने ही रीत भक्कम होती. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मात्र ती पूर्णपणे मुकी होती. पत्र्याकडे कितीही वेळ पाहिले तरी किती वीज वापरली हे कळत नसे. माप गिऱ्हाइकाच्या घरात होई, पण त्याचे वाचन विक्रेत्याच्या खोलीत. हिशेबाचा कागद तेवढा घरी परत येई.

ही मुकी साक्ष मान्य करायला सारेच तयार नव्हते. एडिसनच्या उद्योगात ज्याचे भांडवल होते त्या जे. पी. मॉर्गनलाही मीटरविषयी शंका होती, असा प्रसंग १९१० साली निघालेल्या एडिसनच्या द्विखंडी चरित्रात येतो. मॉर्गनच्या वॉल स्ट्रीटवरील कचेरीत पहिल्या दिवसापासून विजेचे दिवे होते. एडिसनने सुचवले की प्रत्येक दिव्यापाशी एक कार्ड टांगावे आणि दिवा किती वेळ लागला हे त्यावर लिहीत जावे. महिन्याच्या शेवटी कार्डांची बेरीज आणि मीटरचे बिल समोरासमोर ठेवू. तसे केले गेले. हिशेब जुळला नाही. मीटर जास्त वापर दाखवत होता. शोध घेतल्यावर उलगडा झाला तो असा : कचेरी बंद झाल्यानंतर साफसफाई करणारा माणूस दिवे लावून काम करी. त्याने लावलेल्या दिव्यांची नोंद कोणत्याही कार्डावर नव्हती. ते तास मिळवल्यावर दोन्ही हिशेब जवळजवळ एक झाले.

साहित्याच्या अभ्यासकाने हा प्रसंग जरा थांबून वाचावा असा आहे. पहिली गोष्ट, निवेदक कोण आहे? चरित्राच्या दोन लेखकांपैकी फ्रँक डायर हा एडिसनचा कायदेशीर सल्लागार होता. विक्रेत्याच्या वकिलाने सांगितलेल्या गोष्टीत विक्रेत्याचे यंत्र बरोबर ठरावे यात नवल नाही. गोष्टीचा शेवट सावधपणेच घेतला पाहिजे. तरीही तिच्यात दोन सत्ये आहेत, ती निवेदकाच्या हेतूवर अवलंबून नाहीत. एक म्हणजे, मीटर बरोबर आहे हे मीटरकडे पाहून सिद्ध झाले नाही. त्याच्या शेजारी दुसरी, गिऱ्हाइकाच्या हातची नोंद ठेवल्यावरच त्याविषयी काही बोलता आले. दुसरे सत्य अधिक बोचरे आहे. गिऱ्हाइकाची नोंदही निर्दोष नव्हती. मालकाने आपल्या वापराची यादी केली तेव्हा त्याच्या जागेत रात्री राबणारा माणूस यादीत आलाच नाही. घराघरांतली कितीतरी ‘चुकीची’ बिले याच प्रकारची असतात. आपण आठवतो ते आपले दिवे आणि पंखे. फ्रीजचे रात्रभर चालू-बंद होणे, पहाटे कोणी लावलेला आणि बंद करायचा राहिलेला गीझर, टाकीत पाणी चढवणारा पंप हे आपल्या स्मरणात मोडत नाहीत. मीटरच्या स्मरणात मात्र असतात.

३

ही मुकी बरणी फार काळ टिकली नाही. वायूच्या दिव्यांच्या जमान्यात लोकांना काट्यांचा मीटर माहीत झाला होता. सॅम्युएल क्लेगने इंग्लंडमध्ये १८१५ साली वायूचा मीटर केला होता आणि १८५९ च्या कायद्याने अशा मीटरांची सरकारी तपासणी व शिक्का सुरू झाला. त्या कायद्यातली एक तरतूद आज वाचली तरी मन थबकते. मीटर विक्रेत्याच्या बाजूने २ टक्क्यांपेक्षा अधिक चुकलेला चालणार नाही, पण गिऱ्हाइकाच्या बाजूने ३ टक्क्यांपर्यंत चुकलेला चालेल. चूक होणारच, हे गृहीत धरून ती शक्यतो दुबळ्या बाजूच्या पदरात पडावी असा विचार त्यामागे दिसतो.

विजेच्या बाबतीत १८८० च्या दशकात अनेकांनी एकाच वेळी प्रयत्न चालवले. जर्मनीत हेर्मान आरोनने लंबकाच्या घड्याळावर आधारलेला मीटर केला. अमेरिकेत ऑलिव्हर शॅलेनबर्गरने १८८८ मध्ये आणि एलिहू थॉमसनने १८८९ मध्ये आपापले मीटर आणले. पण पुढच्या शतकावर राज्य केले ते बुडापेस्टच्या ऑटो ब्लाथीने १८८९ मध्ये पेटंट घेतलेल्या प्रकाराने. अॅल्युमिनियमची एक चकती, तिच्या वर-खाली दोन वेटोळी आणि बाजूला एक कायमचा चुंबक. एक वेटोळे विजेच्या दाबाला प्रतिसाद देते, दुसरे प्रवाहाला. दोघांच्या एकत्रित प्रभावाने चकतीला पीळ बसतो आणि ती फिरते. चुंबक तिला आवरून धरतो. परिणामी चकतीचा वेग घरात त्या क्षणी लागणाऱ्या शक्तीच्या प्रमाणात राहतो. काचेच्या खिडकीतून दिसणारी, कडेवर काळी खूण असलेली ही चकती विसाव्या शतकातल्या कोणत्याही घराच्या व्हरांड्यात किंवा जिन्याखाली सापडली असती.

या चकतीचे सांस्कृतिक महत्त्व तिच्या तांत्रिक महत्त्वाहून कमी नाही. वीज वापरली जात आहे हे तिने प्रथमच डोळ्यांना दाखवले. इस्त्री लावली की चकती धावते, सगळे बंद केले की थांबते, हे शाळकरी पोरालाही कळू लागले. ‘मीटर पळतो’ हा आपला वाक्प्रयोग त्या चकतीतून आला. आता पळण्यासारखे मीटरमध्ये काही उरले नाही तरी तो टिकून आहे. वाचन विक्रेत्याच्या खोलीतून घराच्या भिंतीवर आले, हा या टप्प्याचा खरा अर्थ.

भाषेतही त्या काळाचे ठसे राहिले. आपण ‘युनिट’ म्हणतो ते ब्रिटनच्या व्यापार मंडळाने ठरवलेले मोजमाप. हजार वॉटचे उपकरण तासभर चालले म्हणजे एक युनिट. शास्त्रीय नाव किलोवॉट-तास असले तरी चाळीतल्या बिऱ्हाडापासून मंत्रालयापर्यंत सगळे युनिटच मोजतात. ‘लाइट गेली’, ‘लाइट बिल’ हे शब्द त्याहून बोलके आहेत. घरात वीज प्रथम दिव्यासाठी आली आणि मराठीने त्या दिव्याचेच नाव विजेला दिले. आणि ‘आकडा’ या शब्दाने तर दोन्ही बाजू सामावून घेतल्या : मीटरवर वाचायचा तोही आकडा आणि मीटर चुकवून तारेवर टाकायचा तोही आकडाच.

४

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ सालीच विजेचे दिवे लागले होते, पण तो प्रयोग फार काळ चालला नाही. कलकत्त्यात १८९९ पासून व्यापारी पुरवठा सुरू झाला. मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ मध्ये आली, १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्राची वीज शहरात पोहोचली. वीज घराघरांत शिरू लागली तसा तिच्या मापाचा कायदाही लागला. १९१० च्या भारतीय वीज कायद्याचे २६ वे कलम मीटरविषयी आहे. त्यानंतरच्या ९३ वर्षांत देशातल्या मीटरच्या भांडणांचा निवाडा प्रामुख्याने या कलमाखाली होत असे.

कलमाचा गाभा थोडक्यात असा : दुसरा करार नसेल तर वीज ‘करेक्ट’ मीटरने मोजली जाईल. मीटर करेक्ट आहे की नाही असा वाद झाल्यास दोघांपैकी कोणीही विद्युत निरीक्षकाकडे अर्ज करावा. तो बिघडला होता असे निरीक्षकाला वाटल्यास त्याने जास्तीत जास्त सहा महिन्यांपुरता खऱ्या वापराचा अंदाज करून द्यावा. एवढे सोडले तर, लबाडी नसेल त्या ठिकाणी, मीटरवरचा आकडा हाच निर्णायक पुरावा मानला जाईल.

‘निर्णायक पुरावा’ हे शब्द जड आहेत. माणसाच्या साक्षीची उलटतपासणी होते, दस्तऐवजाची होते. पण येथे एका यंत्राच्या विधानाला कायद्याने जवळजवळ अंतिम शब्दाचा मान दिला. असा मान द्यायचा तर ते यंत्र किती बरोबर असले पाहिजे? १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी याचे उत्तर आकड्यात दिले. संबंधित भारतीय मानक असेल तर त्यातली मर्यादा, नसेल तर दहाव्या हिश्शापासून पूर्ण भारापर्यंत वर किंवा खाली ३ टक्के. इंग्लंडच्या १८५९ च्या कायद्यातला गिऱ्हाइकाकडचा तो किंचित कल येथे नाही. दोन्ही बाजूंना सारखीच सूट आहे.

येथे एका भाषिक भेदाकडे लक्ष वेधावेसे वाटते. कायद्यातल्या ‘करेक्ट’ला मराठीत आपण सवयीने ‘अचूक’ म्हणतो. पण अचूक म्हणजे ज्यात चूक नाही ते. आणि कायदा तर चुकीची मर्यादा आखूनच सुरू होतो. त्याला हवा असलेला मीटर अचूक नाही, ‘बरोबर’ आहे. हा शब्द फारसीतल्या ‘बराबर’वरून आला, मुळात छातीला छाती लावून, शेजारी-शेजारी, समसमान असा त्याचा अर्थ. मराठीने त्याचे दोन्ही पदर जपले. उत्तर बरोबर असते आणि मित्र आपल्याबरोबर असतो. मापाच्या बाबतीत हे दोन अर्थ एकच आहेत. कोणतेही माप एकटे असताना बरोबर किंवा चूक नसतेच. दुसरे माप त्याच्याबरोबर ठेवले की मगच ते बरोबर आहे की नाही हे ठरते. शेजारणीचा शेर, मॉर्गनच्या कचेरीतली कार्डे आणि निरीक्षकाने आणलेला प्रमाण मीटर ही या एकाच तत्त्वाची तीन रूपे आहेत.

५

हे तत्त्व घरातही वापरता येते आणि त्याला पाचवीच्या गणितापलीकडे काही लागत नाही. प्रत्येक मीटरवर त्याचा एक स्थिरांक छापलेला असतो. चकतीच्या मीटरवर, समजा, एका युनिटला ६०० फेरे असे लिहिले असेल, तर १०० वॉटचा एकच दिवा चालू असताना तासाला ०.१ युनिट, म्हणजे ६० फेरे व्हायला हवेत, मिनिटाला एक. इलेक्ट्रॉनिक मीटरवर चकतीऐवजी एक लाल ठिपका लुकलुकतो. तेथे युनिटला ३२०० लुकलुकी लिहिल्या असतील, तर हजार वॉटच्या शेगडीला ९ सेकंदांत ८ आणि १०० वॉटच्या दिव्याला सुमारे सव्वाअकरा सेकंदांत १ एवढ्या पडायला हव्यात. घड्याळ हाती धरून बराच वेळ मोजले की पुष्कळ कळते.

मात्र हा ताळा घेताना आपल्या हातातले ‘दुसरे माप’ कितपत भरवशाचे आहे हेही विचारले पाहिजे. शेगडीवर छापलेले हजार वॉट हे २३० व्होल्ट दाब असतानाचे आहेत. शेगडीची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब ६ टक्क्यांनी घसरला, आणि एवढी घसरण १९५६ च्या नियमांतही मान्य होती, तर शेगडी सुमारे १२ टक्के कमी वीज घेते. अशा वेळी मीटर मंद वाटतो, प्रत्यक्षात तो खरे बोलत असतो. म्हणून या घरगुती प्रयोगाने दोन-पाच टक्क्यांची चूक पकडता येत नाही. दीडपट-दुपटीची पकडता येते. बारीक चुकीसाठी प्रयोगशाळेतला प्रमाण मीटरच लागतो.

दुसरी चाचणी त्याहून सोपी आहे. घरातला मुख्य स्विच बंद करावा. चकती फेऱ्यावर फेरे घेत राहिली किंवा ठिपका लुकलुकत राहिला तर दोष मीटरमध्ये आहे किंवा मीटर आणि स्विच यांच्यामधून कोणीतरी वीज घेत आहे. भार नसताना चकती सरकू नये म्हणून तिला मुद्दाम दोन भोके पाडलेली असत. मुख्य स्विच चालू ठेवून सर्व उपकरणे काढली आणि तरीही हालचाल दिसली, तर मात्र दोष घरातल्या तारांमध्ये शोधावा लागतो. भाड्याच्या खोल्यांत घरमालकाने बसवलेल्या सब-मीटरचा प्रश्न आणखी वेगळा. त्यावर वीज कंपनीचे सील नसते. तेथे भाडेकरूची स्वतःची नोंद हाच पहिला आधार.

जुन्या मीटरविषयी एक गैरसमज येथेच दूर व्हावा. चकतीचा मीटर म्हातारा झाला की सहसा मंदावतो, कारण टेकूची झीज आणि धूळ चकतीला अडवतात. चुंबक क्षीण झाला तर तो पळू शकतो, पण ते कमी घडते. त्यामुळे जुना मीटर काढून नवा बसवला की बिल वाढते आणि ‘नवा मीटर पळतो’ अशी तक्रार होते. पुष्कळदा नवा पळत नसतो; जुना रेंगाळत होता. ही गोष्ट गिऱ्हाइकाला आधी समजावून सांगितली जात नाही, आणि मग खऱ्या मापावरही अविश्वास बसतो.

६

आतापर्यंत आपण मीटर आणि बिल हे जणू एकच आहेत असे धरून चाललो. पण मीटर एक संख्या देतो. बिल ही त्या संख्येवर रचलेली दुसरी संहिता आहे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क या सर्वांची बेरीज म्हणजे बिल. शिवाय दर टप्प्याटप्प्याने चढतात. यंत्र बिनचूक चालूनही बिल चुकू शकते ते या दुसऱ्या संहितेत.

२०२० सालचा महाराष्ट्राचा अनुभव याचे ठळक उदाहरण आहे. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली, मीटरवाचन थांबले आणि मागच्या महिन्यांच्या सरासरीवर बिले निघाली. ती सरासरी थंडीतल्या वापराची होती. जूनमध्ये वाचन पुन्हा सुरू झाले तेव्हा एप्रिल-मेचा उन्हाळा, सगळे कुटुंब घरात आणि १ एप्रिलपासूनचे नवे दर हे सारे एकाच बिलात उतरले. राज्यभर असंतोष उसळला. वापर महिन्यांत विभागून टप्प्यांचा लाभ दिला आहे असे वीज कंपन्यांनी सांगितले. ही विभागणी का महत्त्वाची, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. तीन महिन्यांत ३०० युनिट वापरले आणि पहिल्या स्वस्त टप्प्याची मर्यादा महिन्याला १०० युनिट असेल, तर विभागणी केल्यास सर्व युनिट स्वस्त दराने जातात. न केल्यास दोनशे युनिट महागड्या टप्प्यात जातात. मीटरवरचा आकडा दोन्हींकडे तोच. म्हणून बिल तपासताना पहिला प्रश्न ‘मीटर पळतो का’ हा नसावा. मागचे आणि चालू वाचन माझ्या भिंतीवरच्या आकड्याशी जुळते का, त्यांच्यामधले दिवस किती, वाचन प्रत्यक्ष घेतले की सरासरीने लावले, हे प्रश्न आधी यावेत.

कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड येथे २००९ मध्ये नवे स्मार्ट मीटर बसल्यावर लोकांची बिले वाढली आणि मोठे आंदोलन झाले. तेथील आयोगाने स्वतंत्र तपासणी करवली. सप्टेंबर २०१० च्या अहवालाने मीटर बरोबर असल्याचे म्हटले. वाढीची कारणे कडक उन्हाळा, दरवाढ आणि वाढलेला वापर ही होती. पण त्याच अहवालाने ग्राहकांच्या तक्रारी हाताळण्याच्या पद्धतीवर ठपका ठेवला. यंत्र खरे बोलत होते. संस्था नीट बोलत नव्हती.

याचा अर्थ गिऱ्हाइकाची शंका नेहमीच अज्ञानातून येते असा कोणी काढू नये. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी नऊ इलेक्ट्रॉनिक मीटर घेतले आणि त्यांची वाचने जुन्या चकतीच्या मीटरशी ताडून पाहिली. २०१७ मध्ये त्यांचे निष्कर्ष गाजले. डिमर जोडलेले एलईडी आणि सीएफएल दिवे लावल्यावर नऊपैकी पाच मीटर खूप जास्त वाचत होते, एक तर ५८२ टक्क्यांपर्यंत जास्त. दोन सुमारे ३० टक्के कमी वाचत होते. अशा दिव्यांचा प्रवाह सलग लाटेसारखा नसून तुटक आणि टोकदार असतो आणि काही मीटरांतील संवेदक त्याने फसतात, हे कारण. प्रयोगशाळेतली ही परिस्थिती टोकाची होती, सर्वसाधारण घराची नव्हे, असा आक्षेप घेण्यात आला आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. तरीही यातला विरोधाभास नजरेआड करता येत नाही. ते मीटर मानकांच्या चाचण्या पार करून आलेले होते. चूक उघड झाली ती एक निवृत्त पिढीतले यंत्र त्यांच्याबरोबर ठेवल्यामुळे.

७

भारतात २००३ च्या वीज कायद्याने १९१० चा कायदा गेला. ५५ व्या कलमाने ‘करेक्ट’ मीटरखेरीज पुरवठा होता कामा नये हा दंडक ठेवला आणि २००६ च्या केंद्रीय विनियमांनी घरगुती मीटरसाठी १ टक्का वर्गाची अट घातली. तक्रार निवारण मंच आणि लोकपाल आले. महाराष्ट्राच्या २००५ च्या विद्युत पुरवठा संहितेने सदोष मीटरच्या बिलाची दुरुस्ती मागच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती मर्यादित केली. २०२१ मध्ये केंद्राने देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आणि त्यानंतर महाराष्ट्रातही या मीटरांना मोठा विरोध झाला.

स्मार्ट मीटरविषयीच्या वादात दर, खासगीकरण, प्रीपेडची सक्ती असे अनेक धागे आहेत. प्रस्तुत विषयापुरता एकच धागा घेऊ. या मीटरमुळे वाचनासाठी माणूस घरी येत नाही. आकडा आपोआप दूरच्या संगणकाकडे जातो आणि तेथून मोबाइलवर परततो. भिंतीवरचा पडदा आणि लुकलुकणारा ठिपका अजून आहेत, शिवाय अर्ध्या-अर्ध्या तासाचा तपशीलही मिळू शकतो. माहितीची गरिबी नाही. पण मोबाइलवर दिसणारा आकडा हा दुसरा साक्षीदार नव्हे. तो त्याच साक्षीदाराचा दुसरीकडून ऐकू येणारा आवाज आहे. वाचन पुन्हा एकदा घराबाहेर चालले आहे, जसे ते जस्ताच्या पत्र्यांच्या काळात होते. फरक एवढाच की तेव्हा गिऱ्हाइकाला काहीच दिसत नसे आणि आता इतके दिसते की स्वतः मोजण्याची सवय सुटावी.

या पार्श्वभूमीवर फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने वीज ग्राहक हक्क नियमांत केलेली दुरुस्ती लक्षणीय आहे. मीटरचे वाचन प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी ग्राहकाने तक्रार केल्यास वितरण कंपनीने पाच दिवसांच्या आत दुसरा मीटर बसवावा आणि किमान तीन महिने दोन्ही वाचने ताडून पाहावीत, अशी ती तरतूद आहे. एका मीटरच्या शब्दाला निर्णायक पुरावा मानणाऱ्या १९१० पासून आपण मॉर्गनच्या कचेरीतल्या रीतीकडे परत आलो आहोत. ही माघार नव्हे. मापाचा खरेपणा शेजारी-शेजारी ठेवूनच कळतो, हे कायद्याने उशिरा का होईना पुन्हा मान्य केले आहे. अर्थात दुसरा मीटरही कंपनीच आणून लावणार. त्यामुळे ग्राहकाच्या हातची तिसरी नोंद अनावश्यक ठरत नाही.

ती नोंद फार मोठी नसते. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला भिंतीवरचा आकडा एका वहीत लिहावा, बिलातले वाचन त्याखाली लिहावे आणि दोहोंतले अंतर पाहावे. नवे उपकरण आले, पाहुणे राहिले, घर आठवडाभर बंद होते, हेही लिहावे. वर्षभरात या वहीला तक्रार निवारण मंचासमोर ठेवण्याइतके वजन येते. कारण आपल्याला ‘वाटते’ यापुढे जाऊन आपण ‘पाहिले’ असे ती म्हणू शकते. फक्त लिहिताना त्या कचेरीतल्या साफसफाई करणाऱ्या माणसाची आठवण ठेवावी. त्याचे दिवे धरले नाहीत, तर चूक मीटरची नसून वहीची ठरेल.